बहुरूपी आणि तोतया

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत):

पत्र लिहिणारे एकोणतीस वर्षांचे आहेत, पुण्यात आयटीत नोकरी करतात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी आधी सायकलवर, मग लुनावर तालुका पालथा घालून त्यांनी वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ अशा जुन्या कोरीव दगडांच्या नोंदी केल्या, शिलालेखांचे ठसे घेतले, मोडी शिकून गावोगावची दप्तरं वाचली. छापून आलं ते जिल्ह्याच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आणि दोन-तीन दिवाळी अंकांत. गेल्या वर्षी जवळच्या शहरातल्या एका प्राध्यापकांचं याच विषयावर पुस्तक आलं. त्यात वडिलांच्या नोंदी आहेत, त्यांनी लावलेली वाचनं आहेत, आणि एका शिलालेखाच्या वाचनात वडिलांनी केलेली चूकही जशीच्या तशी आहे. वडिलांचं नाव मात्र फक्त ऋणनिर्देशात, आणखी अकरा जणांच्या रांगेत, ‘स्थानिक माहितगार’ म्हणून. वडील म्हणाले, “जाऊ दे, काम लोकांपुढे आलं ना.”

मुलाला जाऊ देता आलं नाही. त्याने प्राध्यापकांचं नाव आणि फोटो लावून फेसबुकवर खातं उघडलं, त्यांच्या सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना फ्रेंड रिक्वेस्ट पाठवल्या आणि तीन आठवड्यांनी त्यावर एक कबुली टाकली: या पुस्तकातलं निम्मं काम अमुक गुरुजींचं आहे, ते मी माझ्या नावावर छापलं, मला क्षमा करा. सोबत दिवाळी अंकांची सालं आणि पानं. पोस्ट पसरली. दोन दिवसांनी खऱ्या प्राध्यापकांनी लिहिलं की हे खातं बनावट आहे आणि ते सायबर पोलिसांकडे जात आहेत.

मधल्या दोन दिवसांत वडिलांनी ती कबुली वाचली. आईला मोठ्याने वाचून दाखवली. प्राध्यापकांना फोन करून आभार मानले. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी घरात सांगितलं नाही, पण तेव्हापासून ते या विषयावर बोलत नाहीत.

पत्नी म्हणते, सांगून टाक. मित्र म्हणतो, इंटरनेटवरचा माग लपवणारं व्हीपीएन वापरलंस ना, मग गप्प बस. पत्राचा शेवट असा आहे: “मी लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. कुणाचे पैसे घेतले नाहीत, शिवी दिली नाही. हे विडंबन आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम तर कोर्टाने रद्दच केलंय. मग हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही तर काय? खातं डिलीट करून विषय संपवू का?”

*

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आहे. ते वाक्य प्राध्यापकांबद्दलचं नाही, ६६अ बद्दलचंही नाही. ‘चूकही जशीच्या तशी आहे’ हे ते वाक्य. जुन्या पोथ्यांच्या नकला तपासणारे लोक हेच करतात. दोन पोथ्यांत एकच बरोबर ओळ असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, बरोबर वाचन दोघांना स्वतंत्रपणेही सुचू शकतं. पण एकच चूक दोन ठिकाणी सापडली, की एकाने दुसऱ्यावरून किंवा दोघांनी एकाच मुळावरून उतरवलं, ते कळतं. म्हणजे हुकमाचा एक्का तुमच्या हातात होता. तो खाली ठेवून तुम्ही खोटं पान खेळलात आणि ते पकडलं गेलं. आता समोरच्याला एक्क्याबद्दल बोलावंच लागत नाही, तुमच्या खोट्या पानाबद्दल बोललं की झालं.

तुमच्या रागावर माझा आक्षेप नाही. माणूस तीस वर्षं उन्हातान्हात दगड पुसत फिरतो आणि शेवटी त्याच्या वाट्याला ‘स्थानिक माहितगार’ येतं, हे वाचून मलाही चीड आली. हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा आहे. तालुक्यातल्या माणसाला ‘माहिती’ असते, ‘संशोधन’ शहरातल्या माणसाचं असतं. तुमच्या वडिलांसारखे गुरुजी महाराष्ट्रात जागोजागी आहेत आणि त्यांच्या वह्यांवर किती प्रबंध उभे राहिले त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तुकोबांच्या काळातली सालोमालोची गोष्ट तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितली असेल. तुकोबांचे अभंग घ्यायचे, ‘तुका म्हणे’ पुसायचं आणि आपलं नाव घालायचं, असा त्याचा उद्योग होता असं परंपरा सांगते. पण गाथेच्या अभ्यासकांना दुसऱ्या एका जातीचाही तितकाच त्रास झाला. त्यांनी स्वतःच्या ओळी रचल्या आणि खाली ‘तुका म्हणे’ घातलं. पहिल्याने तुकोबांचे शब्द चोरले, दुसऱ्याने तुकोबांचं तोंड. तुमचं म्हणणं खरं धरलं तर प्राध्यापक सालोमालो झाले. तुम्ही काय झालात, ते तुम्हीच पाहा.

आता विडंबनाबद्दल. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा. खाकी वर्दी, कमरेला पट्टा, हातात छडी. ओट्यावर येऊन दरडावायचा, “वॉरंट आहे तुमच्या नावाने, चला चौकीत.” आम्ही पोरं आईच्या मागे लपायचो. मग तो गालात हसायचा, दोन ओळी म्हणायचा आणि हात पुढे करायचा, “बहुरूपी आहे माई, पोटाला द्या.” सगळी कला त्या पुढे केलेल्या हातात होती. त्याने हात पुढे केला नसता आणि खरंच कुणाला चौकीच्या वाटेने नेलं असतं, तर त्याला आपण बहुरूपी म्हटलं नसतं. त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे: तोतया.

विडंबनाचं खातं असंच ओळखायचं. वाचणाऱ्याला कुठेतरी कळलं पाहिजे की हे सोंग आहे. नावात खोच असेल, फोटोऐवजी व्यंगचित्र असेल, मजकूर इतका फुगवलेला असेल की कुणी तो खरा धरणार नाही. तुमच्या कबुलीत यातलं काय होतं? नाव तेच, फोटो तोच, ओळखीच्या माणसांना रिक्वेस्ट, तीन आठवडे साधे सुविचार आणि ‘शुभ सकाळ’ टाकून बसवलेला विश्वास, आणि मग अगदी खरी वाटेल अशी भाषा. लोकांनी ती खरी मानावी याचीच सगळी तयारी होती. लोक हसले असते तर तुमचा बेत फसला असता.

म्हणून ‘शब्दन् शब्द खरा आहे’ हेही मला मान्य करता येत नाही. पुस्तकाबद्दलचे शब्द खरे असतील. पण त्या पोस्टमधला मुख्य शब्द होता ‘मी’, आणि तो खोटा होता. कबुली ही माहिती नसते. ती एका विशिष्ट माणसाने केली तरच तिला अर्थ. त्या प्राध्यापकांना शरम वाटली, त्यांनी क्षमा मागितली, यातलं काहीच घडलं नव्हतं.

तुम्हाला टोपणनावाचा दाखला द्यावासा वाटेल, म्हणून आधीच बोलते. मराठी वाङ्मयाचा मोठा भाग टोपणनावांवर उभा आहे. गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ म्हणून. गडकरी कवितेत गोविंदाग्रज होते आणि विनोदात बाळकराम. सत्तेविरुद्ध बोलणाऱ्याला, नोकरीत अडकलेल्याला, घरच्यांना भिणाऱ्या मुलीला नाव झाकण्याची गरज पडते, आणि ती सोय राहिली पाहिजे या बाजूची मी आहे. पण लोकहितवादींनी आपला चेहरा झाकला होता, दुसऱ्या कुणाचा लावला नव्हता. तुम्ही ‘एक जिज्ञासू’ नावाने खातं काढून दोन पानं शेजारी शेजारी छापली असती, तर आज हे पत्र मला लिहावं लागलं नसतं.

कायद्याकडे वळते. मी वकील नाही. पण तीस वर्षं वृत्तपत्रात काढली आहेत, त्यामुळे काही गोष्टी पाठ झाल्या आहेत.

६६अ बद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, अर्धंच बरोबर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, ते कलम रद्द झालं. कारण काय? ‘त्रासदायक’, ‘अत्यंत अपमानकारक’ असे शब्द इतके सैल होते की त्यात कुणालाही कोंबता येत होतं. निकाल आला त्या दिवशी आम्ही कचेरीत पेढे वाटले होते. पण त्या दोघी मुलींनी जे म्हटलं ते स्वतःच्या नावाने म्हटलं होतं, हे लक्षात घ्या. रद्द झालं ते ६६अ. त्याच कायद्यातली ६६क आणि ६६ड ही कलमं जागच्या जागी आहेत. पहिलं दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरण्याबद्दल, दुसरं संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कुणाची अब्रू जावी म्हणून बनावट दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करण्याबद्दलचं कलम आहेच, आणि बदनामीचं ३५६ वं आहे. तुम्ही पैसे घेतले नाहीत, शिवी दिली नाही, हे तुमच्या बाजूने मांडता येईल. ‘लबाडीने’ या शब्दावर तुमचा वकील भांडेलही. पण फसवणूक म्हणजे फक्त पैशाची, असं समजून निर्धास्त राहू नका.

राज्यघटनेचं कलम १९(१)(अ) तुम्हाला बोलण्याचा हक्क देतं आणि १९(२) मध्ये तो कोणत्या कारणांनी आवळता येतो त्यांची यादी आहे. त्यात बदनामी आहे. ‘कुणाला वाईट वाटलं’ हे त्या यादीत नाही. हा फरक मोलाचा आहे, कारण पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना वाईट फार लवकर वाटतं. सरकारविषयीचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. विनोदवीर कुणाल कामरा यांच्यासह इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. अशा लढाया लढणाऱ्यांच्या रांगेत तोतया येऊन उभा राहिला की नुकसान त्यांचं होतं. उद्या एखादा नगराध्यक्ष खऱ्याखुऱ्या व्यंगचित्राविरुद्ध तक्रार करेल तेव्हा तो तुमच्यासारख्याचंच उदाहरण देईल.

तुमची गोष्ट वाचून मला एक खटला आठवला. इतका जुळणारा, की तुम्ही तो वाचून तर हे केलं नाहीत ना, असं क्षणभर वाटलं.

मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत १९४७ पासून प्राचीन हस्तलिखितं सापडत गेली. ती तिथे राहणाऱ्या एका पंथाची, असं बहुतेक अभ्यासकांचं मत. शिकागो विद्यापीठातले एक प्राध्यापक मात्र म्हणत होते की ती जेरुसलेममधल्या ग्रंथालयांची आहेत, रोमनांच्या वेढ्याच्या काळात लपवलेली. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये वकील होता. वडिलांना डावललं जातंय असं त्याच्या मनाने घेतलं. २००८ मध्ये त्याने न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका नामवंत प्राध्यापकाच्या नावाने जीमेलवर खातं उघडलं आणि त्यावरून त्या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना पत्रं पाठवली. पत्रांचा अर्थ असा की शिकागोच्या त्या विद्वानाचं काम मी उचललं होतं, आता ते उघड होऊ नये. उचलेगिरीचा आरोप त्या प्राध्यापकाने फेटाळला. मुलाला अटक झाली. कोर्टात तो म्हणाला, हे विडंबन होतं, हे भाषणस्वातंत्र्य आहे. २०१० मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यापुढचा भाग. मे २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला, तो सरसकट नव्हता. त्रास देण्याबद्दलचं जे कलम त्याला लावलं होतं ते आपल्या ६६अ सारखंच सैल होतं. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. नुसतं दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून ठेवणं, तेही गुन्हा नाही म्हणाले. पण त्या खात्यावरून लोकांना खरं वाटेल अशी पत्रं पाठवली, त्या तोतयेगिरीची शिक्षा कायम ठेवली. माणसाच्या नावलौकिकाला झालेली इजा ही इजाच, असं न्यायालयाने धरलं. खुद्द मुख्य न्यायाधीशांना हेही पटलं नव्हतं. तोतयेगिरीचा कायदाच फार पसरट आहे, असं त्यांचं वेगळं मत नोंदलेलं आहे. म्हणजे तुमचा प्रश्न वेडगळ नाही, मोठमोठ्या न्यायाधीशांनी त्यावर डोकं खाजवलं आहे. पण एवढं सगळं होऊनही त्या मुलाच्या हाती काय लागलं? हस्तलिखितं जेरुसलेमची की कुमरानची, यावर त्या कोर्टात चर्चा झाली नाही. ती व्हायचीच नव्हती.

आता तुमच्या मित्राचा सल्ला. व्हीपीएन. पोलिसांना आयपी पत्ता मिळेल की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्यांना त्याची गरज पडेल असं वाटत नाही. त्या पोस्टमध्ये तुम्ही दिवाळी अंकांची सालं आणि पानं दिली होती. वीस वर्षांपूर्वीच्या एका जिल्हा पातळीवरच्या दिवाळी अंकाचं पान कोणाला पाठ असतं? लिहिणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना. शिवाय कबुली आल्याबरोबर ‘आभारी आहे’ असा फोन कुणाचा गेला? तुमच्या वडिलांचा. प्राध्यापकांच्या जागी बसून पाहा. आपल्या नावाने कुणीतरी खोटं लिहिलंय, डोकं फिरलंय, आणि गुरुजी फोन करून आभार मानताहेत. त्यांना काय वाटलं असेल? म्हातारा आपल्यालाच चिडवतोय. पलीकडून काय उत्तर आलं ते वडिलांनी सांगितलं नाही म्हणता, मला अंदाज आहे. तुम्ही गप्प राहिलात तर संशयित म्हणून पहिलं नाव त्यांचं आहे आणि हवालदार पहिल्यांदा येईल तो त्यांच्या दारात. ‘गप्प बस’ हा पर्याय तुम्हाला उरलेलाच नाही.

वडिलांविषयी आणखी थोडं. ते इतिहासाचे अभ्यासक आहेत, त्यांना भाऊसाहेबांच्या तोतयाबद्दल विचारा, तासभर बोलतील. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण तो मृत्यू पुण्याला पटला नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. मग मीच भाऊ म्हणणारा एक जण उभा राहिला, शहाणीसुरती माणसं त्याच्यामागे गेली, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड होईपर्यंत कारभाऱ्यांची झोप उडाली होती. भाऊ परत यावेत असं ज्यांना मनापासून वाटत होतं, तेच सगळ्यांत आधी फसले. तुमचे वडील ‘जाऊ दे’ म्हणाले होते ते खरं नव्हतं. एक शब्द तरी कुणीतरी म्हणावा, याची ते वाट पाहत होते. तो शब्द आला, त्यांनी तो आईला वाचून दाखवला, आणि दोन दिवसांत तो हिरावून घेतला गेला. पोस्ट किती जणांनी पाहिली त्याचा आकडा तुम्ही पत्रात दिला आहे. या एका वाचकाचा विचार करून तो आकडा परत पाहा.

आता करायचं काय.

आज रात्री खातं उडवू नका. तक्रार होणार हे माहीत असताना पुरावा नष्ट करणं ही आणखी वेगळी भानगड असते. त्यावर नवीन एक अक्षरही लिहू नका, कुणाला उत्तर देऊ नका, सगळ्याची प्रत काढून ठेवा आणि उद्याच फौजदारी काम करणारा वकील गाठा. पोस्ट खाली कधी आणि कशी उतरवायची हे त्याला विचारून ठरवा. ती लवकर उतरली पाहिजे, कारण एकेक दिवस नुकसान वाढतंय. पण क्रम हाच. वकील परवडत नाही अशा वाचकांसाठी सांगते: तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा असते, स्त्रियांना ती अट नाही.

प्राध्यापकांची माफी मागा. लेखी मागा, पण तो कागद वकिलाने पाहिल्याशिवाय पाठवू नका, कारण तुमचा कबुलीजबाब म्हणून तोच पुढे येऊ शकतो. माफी कशाची मागायची, हे नीट ठरवा. त्यांच्या नावाने आणि चेहऱ्याने मी बोललो, ते चूक होतं, वडिलांना याची काहीही कल्पना नव्हती. एवढंच. ‘पण तुम्हीही’ ने सुरू होणारं वाक्य त्या पत्रात नको. पुस्तकाबद्दल तुमचं म्हणणं सोडून देऊ नका, फक्त ते त्या पाकिटात घालू नका. आणि ज्यांना रिक्वेस्ट पाठवल्या होत्या त्यांच्यापर्यंत खुलासा पोचेल अशी व्यवस्था करा. मी वाचकांची पत्रं पाहायचे त्या काळी आमच्या दैनिकात एका मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र छापून आलं. ते त्यांचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी आम्ही सातव्या पानावर चार ओळींचा खुलासा दिला आणि सुटलो असं मानलं. दहा वर्षांनी ते गृहस्थ एका लग्नात भेटले, तेव्हाही लोक त्यांना त्या पत्राबद्दलच विचारत होते.

प्रकरण मिटवता येईल का? ६६क आणि ६६ड ही कलमं जामीनपात्र आहेत आणि प्राध्यापक तयार झाले तर न्यायालयाच्या परवानगीने त्यांत तडजोडही होऊ शकते. (फसवलेली व्यक्ती स्त्री किंवा अठरा वर्षांखालची असेल तर ही वाट कायद्याने बंद आहे. अशा मुलांच्या पालकांची पत्रं येतात म्हणून सांगितलं.) तुम्ही होऊन पुढे आलात तर ते तयार होण्याची शक्यता जास्त, पकडले गेल्यावर कमी.

मूळ भांडण मात्र सोडायचं नाही. ते वडिलांचं आहे, त्यामुळे लढायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. तुम्ही कारकुनी करा. दिवाळी अंक, रविवार पुरवण्या, तारखा घातलेल्या वह्या, ठसे, प्राध्यापकांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं सालवार लावा. मग दोन रकाने करा, डावीकडे वडिलांचा मजकूर, उजवीकडे पुस्तकातला. इथे तुम्हाला एक टोचणारी गोष्ट विचारायची आहे. तुम्ही लिहिलंय, ‘पुस्तक पूर्ण वाचलं नाही, वाचवलंच नाही.’ मग ‘निम्मं काम’ हे कुठून आलं? कदाचित निम्म्याहून जास्त असेल, कदाचित एकाच प्रकरणात असेल. वीरगळ अमुक गावात मारुतीच्या देवळामागे आहे, ही माहिती कायद्याने कुणाच्या मालकीची होत नाही. वडिलांची वाक्यं, त्यांनी काढलेले फोटो, त्यांची रेखाटनं यांची गोष्ट वेगळी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला ‘हे माझं’ म्हणण्याचा हक्क ५७ व्या कलमात दिलेला आहे. प्राध्यापक ज्या महाविद्यालयात शिकवतात तिथे वाङ्मयचौर्याची चौकशी करणारी समिती असायला हवी, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम तेच सांगतात. तिथे अर्ज करता येईल. पण त्याआधी प्रकाशकाला एक साधं पत्र जाऊ द्या. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक वाचनाखाली नाव द्या, एवढंच मागणारं, शेजारी शेजारी ठेवलेल्या पाच उताऱ्यांसह, आणि त्या चुकीसह. प्रकाशक नैतिकतेला दाद देतीलच असं नाही, नमुन्याला देतात.

ज्यांच्या नावाने दुसऱ्या कुणी खातं काढलंय अशा वाचकांनी एवढं करावं. खात्याच्या पत्त्यासकट स्क्रीनशॉट घ्या, नुसत्या फोटोचा उपयोग नसतो. स्वतःच्या खऱ्या खात्यावरून आणि व्हॉट्सअॅपवर ताबडतोब कळवा की ते मी नाही. ते समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तोतया खात्यावर ठरावीक मुदतीत कारवाई करायला २०२१ चे नियम कंपन्यांना बांधतात, त्यांचा उल्लेख करा. दाद लागली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. पोलिसांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, आणि तुमच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

राहता राहिलं वडिलांना सांगणं. फोनवर सांगू नका. वकिलाला भेटलात की शनिवारी गावी जा. पत्नीला सोबत नेऊ नका, तिच्यासमोर ते तुम्हाला रागावणार नाहीत आणि त्यांना रागावू दिलं पाहिजे. कबुली मीच लिहिली, हे पहिल्या वाक्यात सांगा. कारणं मागाहून, विचारली तर. ते उठून वाड्यात जातील, गप्प बसतील, कदाचित जेवणार नाहीत. संध्याकाळपर्यंत थांबा. पिशवीत त्या पुस्तकाची प्रत, दोन पेन्सिली आणि एक कोरी वही असू द्या.